फ्यूल प्रेशर गेज: केबिनमध्ये पेट्रोल न आणता आणि पाच हजारांच्या आत (टर्बो बसवलेली पेट्रोल गाडी)

एमएच१३_टर्बो

गाडी १.२ लिटर, चार सिलिंडर पेट्रोल, पोर्ट इंजेक्शन. छोटा टर्बो बसवलेला, बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) ०.५ बार. इंधनाची लाइन एकेरी, म्हणजे रेग्युलेटर टाकीतच आणि परतीचा पाइप नाही. मॅन्युअलमध्ये रेल प्रेशर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब) ३ बार दिलंय. बूस्ट भरला की वाइडबँडवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल कमी) ०.९३ येतो, ५५०० आरपीएमपर्यंत ०.९७-०.९८ होतो. पाहिजे ०.८५. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) फ्यूल प्रेशरचा आकडाच येत नाही.

ऑनलाइन ७०० रुपयांत ग्लिसरीन भरलेलं घड्याळ मिळतंय. लाइनला टी मारून बारीक पाइप डॅशबोर्डपर्यंत आणायचा विचार आहे. एकूण बजेट पाच हजार. चालेल का?

तेलकट_पाना

दोन गोष्टी आधी. एक, आजपासून फुल एक्सलेटर बंद. बूस्टखाली ०.९८ म्हणजे पिस्टनच्या जिवाशी खेळ आहे, गेज येईपर्यंत टर्बोला हात लावू नका. दोन, पेट्रोलचा पाइप फायरवॉलच्या आत येता कामा नये. पातळ असो, नायलॉनचा असो, स्टीलच्या जाळीचा असो.

कारण सांगतो. पंप तासाला ८० लिटरचा धरला तरी मिनिटाला सव्वा लिटरच्या वर पेट्रोल ढकलतो. घड्याळामागची ढिबरी सैल झाली तर ते सगळं तुमच्या मांडीवर. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे सोलापुरात काय, हिमालयातही वाफ पेट घ्यायला तयारच असते. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती वर उडून जात नाही, पायाशी साचते, आणि पायाशीच वायरिंग, ब्लोअर मोटर, ब्रेक लाइटचा स्विच.

घड्याळ घ्यायचं तर बॉनेटखाली, तेही टेस्टपुरतं. ग्लिसरीनवाल्या घड्याळाची आणखी एक खोड आहे: डबा सीलबंद असला की इंजिनच्या उष्णतेनं आतलं द्रव फुगतं, आतला दाब वाढतो आणि काटा खरा आकडा असतो त्याहून कमी दाखवतो. दुपारी तीन वाजता पंप कमजोर आणि सकाळी ठणठणीत, असला घोळ होतो. वर छोटं रबरी बूच असेल तर ते उघडून डब्याचा दाब सोडावा लागतो.

कडक_भाकरी

अण्णा, जुन्या गाड्यांना पूर्वी डॅशवर फ्यूल प्रेशरचं घड्याळ लावायचेच की. तेव्हा कुठं पेटल्या?

तेलकट_पाना

त्या कार्ब्युरेटरच्या गाड्या. लाइनमध्ये ०.२-०.३ बार. इथं त्याच्या दहापट. तेव्हाही शहाणे लोक मधे आयसोलेटर लावायचे: एका बाजूला पेट्रोल, मधे पडदा, घड्याळाच्या बाजूला कूलंटसारखं न पेटणारं द्रव. आज आयसोलेटरच्या किमतीत इलेक्ट्रिक सेन्सर येतो, आत येतात फक्त तीन वायरी.

वायरबोर्ड

सेन्सरच घ्या. पण त्याआधी काय मोजायचंय ते पक्कं करा, नाहीतर आकडा बरोबर येईल आणि निदान चुकेल.

इंजेक्टरला रेलमधला दाब कळत नाही. त्याला कळतो फरक: रेलचा दाब वजा मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब. तुमचा रेग्युलेटर टाकीत आहे, त्याला मॅनिफोल्डची खबर नाही. म्हणजे रेल ३ बारवरच राहणार आणि समोरून टर्बो ०.५ बारनं ढकलणार. इंजेक्टरच्या तोंडाशी उरले २.५.

इंजेक्टरमधून जाणारं इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. २.५ भागिले ३ म्हणजे ०.८३३, त्याचं वर्गमूळ ०.९१३. जवळजवळ नऊ टक्के इंधन कमी. आता तुमचा ०.८५ लॅम्डा भागिले ०.९१३ करा: ०.९३. बूस्ट भरल्यावर तुम्हाला दिसतोय तोच आकडा.

म्हणजे पंप ठणठणीत असता तरी ०.९३ दिसलाच असता. ५५०० ला तो ०.९८ होतो, तिथं मात्र दुसरं काहीतरी आहे. तेवढ्या भागासाठी गेज लागेल.

मूळ ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हे भरून का काढत नाही? त्याचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबाच्या जरा वरपर्यंतच वाचतो. आयडलला मॅनिफोल्डमध्ये पोकळी असते तेव्हाचा हिशोब त्याला ठाऊक आहे, बूस्टचा नाही.

एमएच१३_टर्बो

हे डोक्यातच नव्हतं. मग दोन्ही दाब मोजायचे का? आणि सेन्सर नेमका कुठला?

वायरबोर्ड

दोन्ही. बूस्ट मोजायला तुमच्याकडं ३ बारचा मॅप सेन्सर असेलच, नसेल तर घ्या.

फ्यूलसाठी तीन वायरींचा, ५ व्होल्टवर चालणारा, ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर. रेंज ०-१० बार किंवा ०-१०० पीएसआय. बूस्ट जास्त असेल तर १५० पीएसआय. ३०० किंवा ५०० चा घेऊ नका, कामाचा सगळा भाग स्केलच्या तळाशी जाऊन बसतो.

०-१० बारचा असेल तर: बार = (व्होल्ट − ०.५) × २.५. तीन बारला १.७० व्होल्ट.

०-१०० पीएसआयचा असेल तर: पीएसआय = (व्होल्ट − ०.५) × २५. तीन बार म्हणजे ४३.५ पीएसआय, त्याला २.२४ व्होल्ट.

सेन्सर 'गेज' प्रकारचा हवा, म्हणजे मोकळ्या हवेत ०.५ व्होल्ट देणारा. मॅप सेन्सर मात्र निरपेक्ष दाब देतो, म्हणून हिशोबात वातावरणाचा दाब येतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, इथं हवेचा दाब साधारण ९६ किलोपास्कल. फरक = रेल + ०.९६ − मॅप. उदाहरणार्थ ३.० + ०.९६ − १.४६ = २.५. हा ०.९६ लिहून ठेवायचीही गरज नाही, चावी ऑन केल्यावर सेल्फ मारायच्या आधी मॅप जे दाखवतो ते प्रोग्रामला घेऊ द्या. तुळजापूरचा घाट चढून वर गेलात तरी हिशोब बिघडत नाही.

पेट्रोलमध्ये बुडवण्याआधी सेन्सर हवेवर तपासा. पायपंपाला जोडा, टायरच्या गेजवर ३० पीएसआय आणा. १०० वाल्या सेन्सरनं १.७० व्होल्ट दिले पाहिजेत. मोकळ्या हवेत ०.५ च्या जागी ०.६२ देत असेल तर परत पाठवा.

आणि आत रबराची ओ-रिंग कसली आहे ते विकणाऱ्याला विचारा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, साधं नायट्राइल रबर त्यात फुगतं आणि मग कडक होतं. एफकेएम, म्हणजे व्हिटॉन, किंवा पूर्ण वेल्ड केलेली स्टीलची बॉडी. हवा-पाण्याच्या पंपासाठी विकला जाणारा सेन्सर दिसायला हुबेहूब असाच असतो.

होटगी_रोड

इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर आकडा चुकतो. जोड बिघडला तर गाडी जळते. त्यामुळं बजेटमधला मोठा वाटा जोडावर घाला.

आट्यांची गोष्ट नीट वाचा, सगळ्यात जास्त गळती इथंच होते. हे तीन आटे डोळ्यांना सारखेच दिसतात:

१/८ एनपीटी (अमेरिकन पाइपचा आटा): बाहेरचा व्यास साधारण १०.३ मिमी, इंचाला २७ आटे, ६० अंशांचा कोन, निमुळता.
१/८ बीएसपी (ब्रिटिश पाइपचा आटा): ९.७ मिमी, इंचाला २८ आटे, ५५ अंश.
एम१० × १: १० मिमी, दर मिलीमीटरला एक आटा, निमुळता नाही. याला वायसर किंवा ओ-रिंग लागतेच.

एकात दुसरा घातला तर दोन-तीन आटे गोडीनं जातात, मग घट्ट होतो. माणसाला वाटतं बसला. बसलेला नसतो, अडकलेला असतो. थंड इंजिनवर कोरडा राहतो आणि गरम झाल्यावर घाम यावा तसं पेट्रोल यायला लागतं. एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडं थ्रेड गेज असतो, पिच लावून बघायला दोन मिनिटं लागतात. व्हर्नियर आणि गेज दोन्ही लावा, नुसत्या व्यासावर जाऊ नका.

एनपीटी घट्ट करताना: हातानं बसेल तितका, मग पान्यानं दीड ते दोन फेरे. बस. निमुळता आटा आहे, जोर केला तर बाहेरची फिटिंग फाटते, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमची.

टेफ्लॉन टेप नको. तिचा तुकडा सुटला तर थेट इंजेक्टरच्या जाळीत. पेट्रोल सहन करणारं अ‍ॅनारोबिक थ्रेड सीलंट (हवा लागली नाही की घट्ट होणारा लेप) वापरा, टोकाचे दोन आटे कोरडे सोडून. आणि ते सुकायला वेळ द्या, रात्रभर तरी. लावून लगेच चावी फिरवली तर दाबानं ते ढकललं जातं.

कडक_भाकरी

नळाच्या दुकानात पितळी टी साठ-सत्तर रुपयांत मिळते. त्यात काय वाईट?

होटगी_रोड

सांगतो काय वाईट. नळाच्या दुकानातली टी बहुधा बीएसपी असते, हे एक. दुसरं, टी, त्यावर निपल, त्यावर रिड्यूसर, त्यावर १०० ग्रॅमचा सेन्सर, असा मनोरा इंजिनवर उभा केला की तो प्रत्येक स्फोटाबरोबर हलतो. पितळ थरथरीनं थकतं आणि पहिल्या आट्याच्या खोबणीत केसाएवढी चीर पडते. ती चीर कधी दिसत नाही, एक दिवस टी मोडूनच हातात येते. सेन्सर इंजिनवर उभा करायचाच नाही. लाइनमधून छोटा होज काढून सेन्सर बॉडीच्या पत्र्यावर रबरी क्लिपमध्ये बांधायचा. होजला थोडी ढील द्या, इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही.

आणि लाइन कापून रबरी नळी चढवू नका. बहुतेक गाड्यांत लाइन नायलॉनची असते, तिच्या कापलेल्या टोकाला उंचवटा नसतो. क्लिप कितीही आवळली तरी उन्हाळ्यात नायलॉन मऊ होतं आणि नळी निसटते. दोन्ही टोकांना क्विक कनेक्टर असलेला, मधे १/८ एनपीटीचं भोक असलेला अडॅप्टर मिळतो. तुमच्या लाइनचा आकार आधी मोजा: ७.८९ मिमी किंवा ९.४९ मिमी, या दोन मापांपैकीच बहुधा असेल. तो रेलजवळच्या कनेक्टरमध्ये मधे बसतो, कापाकापी शून्य, नको झाला तर काढून मूळ जोड परत.

रबरी होज लागलाच तर त्यावर एसएई जे३०आर९ छापलेलं हवं. नुसतं 'फ्यूल होज' किंवा आर७ चालणार नाही, तो कमी दाबाचा. क्लिप गोल कडेची, इंजेक्शन होजची. भोकं पडलेल्या पट्टीची ज्युबिली क्लिप रबरात रुतते आणि वरचं आवरण कापते.

एमएच१३_टर्बो

खर्चाचा अंदाज?

होटगी_रोड

इनलाइन अडॅप्टर ८०० ते १२००. फूटभर पीटीएफई (टेफ्लॉन) जाळीचा होज दोन्ही टोकांच्या फिटिंगसह ९०० च्या आसपास. सीलंटची छोटी ट्यूब ३००-४००. सेन्सर ९०० ते १५००. बाकी वायरबोर्ड सांगतील. दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक बजेटच्या बाहेर धरा आणि काम सुरू करण्याआधी घ्या, नंतर नव्हे.

वायरबोर्ड

अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड) ३००-४००, ०.९६ इंची ओएलईडी स्क्रीन २५०, एलएम२५९६ बक कन्व्हर्टर (बॅटरीचे व्होल्ट ५ वर आणणारा) ८०-१००, बझर, फ्यूज होल्डर, वायर मिळून ३००. हजाराच्या आसपास.

नॅनो मुद्दाम सांगतोय. हे सेन्सर रेशोमेट्रिक असतात, म्हणजे पुरवठा ४.९ व्होल्ट झाला की आउटपुटही त्याच प्रमाणात खाली येतं. नॅनोचा एडीसी (व्होल्ट मोजून आकडा देणारा भाग) डीफॉल्टनं स्वतःच्या ५ व्होल्टशीच तुलना करतो, त्यामुळं सेन्सर आणि नॅनो एकाच ५ व्होल्टवर असले की ही चूक आपोआप कटते. १०२४ पायऱ्या, एक पायरी ४.८८ मिलिव्होल्ट, म्हणजे १० बारच्या सेन्सरवर ०.०१२ बार. आपल्याला याहून बारीक लागत नाही. ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डाचा एडीसी ३.३ व्होल्टचा आणि टोकांना वाकडा, त्याला एडीएस१११५ ही वेगळी एडीसी चिप लावावी लागते, आणि मग ५ व्होल्टची लाइनही दुसऱ्या चॅनेलवर मोजावी लागते. उगाच पसारा.

जोडणीत हे सांभाळा:

बॅटरीकडून येणारी वायर १ अँपिअरच्या फ्यूजमधून, चावीबरोबर चालू-बंद होणारी. मग एसएमबीजे२४ए टीव्हीएस डायोड, मग बक. अल्टरनेटरवर चालू असताना बॅटरीचा जोड उडाला तर मोठा व्होल्टेजचा धक्का येतो. हा डायोड ३९ व्होल्टच्या आसपास तो दाबून धरतो, बक ४० पर्यंत सहन करतो. बकचा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ५.०० आणा आणि मगच नॅनो जोडा. नव्या मॉड्यूलवर काहीही सेट केलेलं असतं.

गाडीच्या थ्रॉटल सेन्सरचे किंवा मॅप सेन्सरचे ५ व्होल्ट चोरू नका. तुमची एक वायर कुठं घासून शॉर्ट झाली तर ईसीयूची रेफरन्स लाइनच बसते आणि गाडी रस्त्यात बंद पडते.

सिग्नलला १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅराडचा फिल्टर. इंजेक्टर उघड-मीट झाल्यानं रेलमध्ये ठोके येतात, ते यात शांत होतात आणि खरी घसरण मात्र दिसते. नॅनोच्या बोर्डावरच, फिल्टरच्या आधी, सिग्नलवरून ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर टाका, वायर तुटली की आकडा शून्य व्होल्टवर जाईल. प्रोग्राममध्ये ०.२५ व्होल्टच्या खाली गेलं तर '० बार' न लिहिता 'वायर' लिहा. नाहीतर तुटलेल्या वायरीपायी लोक पंप बदलून बसतात.

सर्वांत महत्त्वाचं: स्क्रीनवर चालू आकड्यासोबत सर्वांत कमी आलेला फरक धरून ठेवा. गाडी चालवताना स्क्रीनकडं बघायचं नाही, ते काम बझरचं. मॅप १०० किलोपास्कलच्या वर असेल आणि फरक २.६ बारच्या खाली २०० मिलिसेकंद राहिला तर बझर. २०० चं कारण, गिअर बदलताना क्षणभर आकडा उडतो. तुमच्या आत्ताच्या लाइनवर पूर्ण बूस्टला तो अर्थातच सतत वाजेल, तेच बरोबर आहे.

अक्कलकोट_नाका

माझी डिझेल कॉमन रेल आहे. हाच सेन्सर रेलला लावला तर?

तेलकट_पाना

अजिबात नको. तिथं १६०० बार आणि त्याहून वर असतात. सेन्सर गोळीसारखा उडेल. गळतीवर हात ठेवून बघणं तर त्याहून वाईट: डिझेलची धार कातडी भेदून आत जाते, वर टाचणीएवढी खूण दिसते आणि बोट कापायची वेळ येते. तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल. डिझेल रेलमध्ये कंपनीचा सेन्सर असतोच, त्याचा आकडा ओबीडीवर पीआयडी २३ (त्या आकड्याचा कोड) मध्ये येतो. पाच-सातशेचा ईएलएम३२७ ओबीडी अडॅप्टर पुरे. पेट्रोलच्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांनाही हेच लागू.

सीएनजी किटवाल्यांसाठीही सांगून ठेवतो, पुढं प्रश्न येणारच: सिलिंडरच्या बाजूला २०० बार असतात, ती लाइन अधिकृत किट सेंटरशिवाय कुणी उघडायची नाही.

आता मूळ कामाकडं. बसवायची पद्धत:

गाडी थंड. सकाळी करा, मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली हे काम करूच नका. गॅरेजच्या खड्ड्यावर तर कधीच नको, वाफ त्यात पाण्यासारखी भरते. उघड्यावर, वारा असेल अशा जागी. जवळ विडी-काडी, ग्राइंडर, पिवळा बल्ब काही नाही. एलईडी टॉर्च.

पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. इंजिन चालू करा, लाइनमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल. आणखी दोनदा तीन-तीन सेकंद सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. टाकीचं झाकण उघडून दाब सोडा, परत लावा.

चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. क्विक कनेक्टरभोवती फडकं गुंडाळून मगच खटका दाबा, एवढं करूनही अर्धा कप पेट्रोल निघतं. फडक्याचं एक सांगतो: आपल्याकडं घरोघरी जुने टॉवेल असतात, सोलापूरच ते. पण टेरी टॉवेलचे धागे सुटतात आणि कनेक्टरच्या ओ-रिंगवर एक धागा आडवा पडला तरी गळती. बाहेरून गुंडाळायला टॉवेल, तोंड पुसायला गुळगुळीत सुती कापड. भिजलेलं फडकं डिकीत टाकू नका, बाहेर उन्हात वाळू द्या.

पाइपच्या टोकावर तेलाचा एक थेंब लावा, अडॅप्टर 'टक' आवाज येईपर्यंत ढकला आणि मग उलटा ओढून बघा. आवाजावर विश्वास ठेवू नका, ओढण्यावर ठेवा. होज एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब, बेल्टपासून लांब, धारदार पत्र्यावरून जात असेल तर ग्रोमेट.

बॅटरी जोडा, फ्यूज लावा. सेल्फ न मारता चावी ऑन करा, पंप दोन सेकंद चालून थांबेल. असं चारदा. प्रत्येक वेळी कोरडा टिश्यू पेपर जोडांवरून फिरवा, डोळ्याला न दिसणारा ओलावा त्यावर दिसतो. मग दहा मिनिटं आयडल, परत टिश्यू. मग गरम इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी परत. शंभर किलोमीटरनंतर एकदा. वास आला आणि जागा सापडली नाही, तर गाडी चालू करायची नाही, धक्का मारून बाजूला.

कडक_भाकरी

बरं, आकडे आले. वाचायचे कसे? तीन बार आले म्हणजे सगळं आलबेल का?

तेलकट_पाना

एका आकड्यावर काहीच ठरत नाही, तो कधी आणि कसा पडतो ते बघायचं.

आयडलला बरोबर, आरपीएम चढतील तसा हळूहळू खाली: पंप पुरत नाही, फिल्टर तुंबलाय किंवा पंपाला व्होल्टेज कमी मिळतंय. व्होल्टेज आधी बघा, फुकट आहे.

वळणावर किंवा ब्रेक लावल्यावर आकडा एकदम कोसळतो: टाकीत पेट्रोल कमी, पंप हवा ओढतोय. उन्हाळ्यात पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तेव्हाच थंड राहतो.

बंद केल्यावर पाच मिनिटांत शून्य: पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. इंजेक्टर गळत असेल तर सकाळच्या पहिल्या सेल्फला पेट्रोलचा वास आणि काळा धूर. नायलॉनची लाइन पकडीनं दाबून तपासू नका, तडकते.

बंद केल्यावर आकडा उलट वाढतो: घाबरू नका. बंद रेलमधलं पेट्रोल इंजिनच्या गरमीनं फुगतं. आपल्या ४२-४३ अंशांत हे रोज दिसेल.

विजापूर_वेस

असं काही बसवलं किंवा बदललं तर आरटीओ, इन्शुरन्स?

होटगी_रोड

गेज आणि सेन्सरनं नोंदणीतला तपशील बदलत नाही. टर्बोची गोष्ट वेगळी, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदलांबद्दल स्पष्ट नियम आहेत. आणि बदल विमा कंपनीपासून लपवले तर आगीच्या क्लेममध्ये पहिला प्रश्न तोच येतो.

एमएच१३_टर्बो

बसवलं. जोड कोरडे, तीनदा टिश्यू फिरवला. अर्ध्या एक्सलेटरवर, बूस्ट ०.३ च्या वर जाऊ न देता घेतलेले रेलचे आकडे, बारमध्ये:

चावी ऑन: ३.०४
आयडल: ३.०२
३००० आरपीएम, ०.३ बूस्ट: ३.००
५००० आरपीएम, ०.३ बूस्ट: २.८२, सर्वांत कमी फरक २.५२

त्याच वेळी बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर ११.७.

वायरबोर्ड

२.२ व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की दोष वायरिंगचा समजा. पंपाचा गुन्हा अजून सिद्ध नाही. आधी पंपाची अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर, बघा: मल्टिमीटरचं एक टोक पंपाच्या निगेटिव्हवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर, पंप चालू असताना. ०.२ च्या वर आलं तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढून घासा.

मग नवा रिले. बॅटरीकडून १५ अँपिअरचा फ्यूज, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच, २.५ चौरस मिमीची वायर पंपापर्यंत. रिलेची कॉइल मात्र पंपाच्या मूळ वायरवरच चालवायची. थेट चावीवर जोडू नका. अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप थांबवतो. चावीवर जोडलेला पंप फुटलेल्या लाइनमधून पेट्रोल फवारत राहतो.

तेलकट_पाना

हे झाल्यावर ५००० ला ३.० आला तर पंप ठीक. हिशोबही करून ठेवा: टर्बो पेट्रोलला दर अश्वशक्तीला तासाला साधारण पाव किलो पेट्रोल लागतं. १२० अश्वशक्ती म्हणजे ३० किलो, घनता ०.७४ धरली तर ४० लिटर. ई२० ला आणखी आठ टक्के. मूळ पंपात एवढा दम सहसा असतो, फक्त त्याला पूर्ण व्होल्टेज मिळालं पाहिजे.

मग उरतो तो ०.९३ वाला भाग. त्याला दोनच वाटा. एक, परतीचा पाइप टाकून मॅनिफोल्डची नळी घेणारा रेग्युलेटर. तेव्हा आयडलला गेजवर २.४ आणि ०.५ बूस्टला ३.५ दिसलं पाहिजे, फरक कायम ३.०. टाकीतला जुना रेग्युलेटर मात्र काढावा लागतो, नाहीतर तो ३ च्या वर जाऊच देणार नाही. दुसरी वाट, लाइन आहे तशी ठेवून मोठे इंजेक्टर आणि ट्यूनमध्ये बूस्टचा फरक धरणं. खर्च, गळतीच्या जागा, दोन्ही दुसऱ्यात कमी.

एमएच१३_टर्बो

अर्थवर ०.९ व्होल्ट मिळाले. मागच्या सीटखालचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता. घासून परत मोजलं, पंपावर १२.५. ५००० ला रेल २.९३.

वायरबोर्ड

अजून १.४ बाकी आहेत, रिले टाकाच. आणि घासलेल्या जागेवर ग्रीस लावा, नाहीतर पावसाळ्यात गंज चढून परत ०.९ वर याल.